पंडिता रमाबाई : भोगलेल्या दुःखाचे सार्थक

मनुष्यावर दारुण आघात झाला की काळच त्याचे सांत्वन करतो, असे आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून नेहमी ऐकतो. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना मात्र आम्हांस वाटले की, नुसता काळ लोटून भागत नाही. भोगलेल्या दुःखाला काही सत्कार्य नेमून द्यावे लागते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. हे स्थान आज कर्नाटकात आहे. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ती विद्या कन्येस दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत असे. 1870 नंतरच्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला व त्यात आईवडील आणि थोरली बहीण निवर्तली. उरलेली दोन भावंडे, रमाबाई व श्रीनिवास, बहुतेक पायीच देश तुडवीत 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या कन्येस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या अर्पण केल्या. परंतु 1880 मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1882 मध्ये पटकीने पतीही हिरावून नेला. वयाच्या चोविसाव्या वर्षी, तान्ह्या मनोरमेला घेऊन, त्या एकाकी उरल्या.

तरीही त्या खचल्या नाहीत. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत व्याख्याने देऊन त्यांनी साहाय्य मिळविले, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे महर्षी कर्व्यांच्या सहधर्मचारिणी झालेल्या गोदूबाई याच सदनात शिकल्या. 1893 मध्ये धर्मांतराच्या वादामुळे अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी सदन चालूच राहिले.

खरी कसोटी पुढेच होती. 1896 मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला. ज्या भुकेने आपले घर बुडविले, तिचे पुन्हा दर्शनही नको, असे कोणासही वाटले असते. रमाबाई मात्र आपण होऊन तेथे गेल्या व सुमारे 300 मुलींना त्यांनी आश्रय दिला. केडगावच्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकू लागली, हातमाग व छापखाना चालू लागला. 1900 च्या सुमारास तेथील ‘मुक्ती’त दीड हजारांहून अधिक जणी राहत होत्या, अंध मुलींनाही शिक्षण मिळत होते. आपल्या मातापित्यांना जो घास मिळाला नाही, तो या लेकींच्या मुखी पडताना पाहून त्या मातेस केवढे समाधान लाभले असेल, याची आम्ही केवळ कल्पनाच करू शकतो.

दुःखाने त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. 1921 मध्ये मनोरमाही गेली. तरी हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतर पुरे करूनच 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. जखम भरली तरी व्रण राहतोच. पण त्या व्रणामुळेच दुसऱ्याची वेदना ओळखता येते, हे आम्ही या चरित्रापासून शिकलो. केडगावची ती संस्था आजही निराधारांना आसरा देत आहे.