सातव्या छिद्राचे साधक : पंडित पन्नालाल घोष

भगवान श्रीकृष्णाच्या अधरी विराजमान झालेली मुरली आपण नित्य चित्रांतून पाहतो. चलथाण येथील आमच्या भजनातही टाळ-मृदंगाच्या जोडीला बासरीचा सूर लाभला की मन प्रसन्न होते. परंतु रागसंगीताच्या मैफलीत या वाद्यास मानाचे आसन फार उशिरा मिळाले. ते मिळवून देणारे थोर वादक पंडित पन्नालाल घोष यांचा अल्प परिचय भक्तजनांपुढे ठेवताना आम्हांस आनंद होत आहे.

पन्नालालजींचा जन्म जुलै 1911 मध्ये, आज बांगलादेशात असलेल्या बारीसाल येथे झाला. वडील अक्षयकुमार सतारवादक होते. धाकटे बंधू निखिल पुढे नामवंत तबलावादक झाले. तारुण्यात कलकत्त्यास येऊन पन्नालालजींनी चित्रपटांच्या वाद्यवृंदात काम केले आणि 1940 मध्ये ते मुंबईस आले. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा ‘बसंत’ (1942) हा चित्रपट आमच्यातील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. त्याचे संगीत पन्नालालजींच्या नावे आहे.

मात्र त्यांच्या मनाला निराळाच ध्यास लागला होता. त्या काळी बासरी आखूड असे. तिचा स्वर गोड, पण उंच. विलंबित ख्यालातील गांभीर्य आणि मंद्र सप्तकातील आलाप तिच्यातून कसा निघावा? पन्नालालजींनी नाना प्रयोग करून सुमारे 32 इंच लांबीची, जाड पोकळीची बांबूची बासरी सिद्ध केली. आता नवी अडचण उभी राहिली. छिद्रे इतकी दूर गेली की बोटांची टोके तेथे सहज पोहोचेनात. तेव्हा बोटे सपाट ठेवून पेरांनी छिद्रे झाकण्याची पद्धत अंगवळणी पाडावी लागली. वर्षानुवर्षे एका रीतीने वाजविलेल्या हातास दुसरे वळण लावणे किती कष्टाचे असते, हे वाद्य हाती धरणारेच जाणोत.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. सहा छिद्रांच्या बासरीवर तीव्र मध्यमासाठी सर्व छिद्रे उघडावी लागतात, तर लगतच्या पंचमासाठी सर्व झाकावी लागतात. साहजिकच या दोन स्वरांमधील मींड तुटते. पन्नालालजींनी खालच्या टोकाकडे सातवे छिद्र पाडले आणि ते करंगळीकडे सोपविले. सातही छिद्रे झाकली की तीव्र मध्यम मिळतो, करंगळी हळुवार उचलली की स्वर अखंड पंचमावर जातो. गायकाच्या कंठातून निघावी तशी मींड बांबूतून निघू लागली.

इतकी कीर्ती मिळाल्यावरही ते तृप्त नव्हते. 1947 च्या सुमारास, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले. ही नम्रता आम्हांस त्यांच्या सर्व शोधांहून मोठी वाटते. पुढे 1956 मध्ये ते दिल्लीस आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक झाले. तेथेच 20 एप्रिल 1960 रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे देहावसान झाले.

त्यांची लांब बासरी आज मैफलीतील बहुतेक सर्व वादकांच्या हाती दिसते. सातवे छिद्र मात्र सर्वांनी स्वीकारले नाही. पंडित हरिप्रसाद चौरसिया यांनी सहा छिद्रांचीच बासरी वाजविली. पन्नालालजींचे जामात व शिष्य पंडित देवेंद्र मुर्डेश्वर आणि त्यांच्याकडे शिकलेले पुण्याचे पंडित केशव गिंडे यांनी ती करंगळीची साधना पुढे चालविली.