धुंडिराज गोविंद फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल, १८७० – १६ फेब्रुवारी, १९४४) हे मराठी चित्रपटनिर्माते व दिग्दर्शक होते. त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाते. छायाचित्रण आणि अंधारखोलीतील काम यांचा दीर्घ अनुभव हा त्यांच्या चित्रपटनिर्मितीचा पाया होता.

शिक्षण व व्यवसाय

फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वर येथे झाला. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबरच ते छायाचित्रण शिकले. प्रा. गज्जर यांनी त्यांना तेथील फोटो स्टुडिओ व प्रयोगशाळा वापरण्याची मुभा दिली. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. मात्र प्लेगमध्ये पहिली पत्नी व मूल दगावल्याने त्यांनी ते गाव सोडले. काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी केल्यावर ते मुद्रण व्यवसायात उतरले. भागीदारांशी मतभेद झाल्याने तोही त्यांनी सोडला.

चित्रपटतंत्राचे प्रशिक्षण

मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिल्यानंतर त्यांनी चित्रपटनिर्मितीचा ध्यास घेतला. सततच्या अभ्यासाने व अपुऱ्या झोपेने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. ती उपचारांनी सुधारली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी प्रत्यक्ष काम पाहिले. विल्यमसन कॅमेरा खरेदी करून आणि कच्ची फिल्म व छिद्रे पाडण्याचे यंत्र मागवून ते एप्रिलमध्ये परतले.

घरातील प्रयोगशाळा

त्या काळी कॅमेरा हाताने फिरवावा लागे. दांडा फिरवण्याचा वेग, भिंगाचे छिद्र आणि सूर्यप्रकाश यांचा मेळ चुकला, तर चित्र काळवंडे किंवा पांढुरके होई. कच्ची कृष्णधवल फिल्म तांबड्या प्रकाशाला फारशी संवेदनशील नसल्याने मंद तांबड्या उजेडात हाताळता येई. पांढरा प्रकाश आत शिरल्यास मात्र संपूर्ण चित्रीकरण वाया जाई. फाळके यांनी ही कामे पत्नी सरस्वतीबाई यांना शिकवली. फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे व फिल्म धुणे ही जबाबदारी त्यांनी घरकाम सांभाळून पेलली.

भांडवल मिळवण्यासाठी फाळके यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ दररोज थोडीथोडी चित्रित करून 'अंकुराची वाढ' हा लघुपट तयार केला. त्यामुळे कर्ज मिळणे सुकर झाले. सरस्वतीबाईंनी दागिनेही गहाण ठेवू दिले. सुमारे ३,७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे, १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी प्रदर्शित झाला.

उत्तरायुष्य

'लंका दहन' (१९१७) व 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) हे त्यांचे चित्रपट लोकप्रिय ठरले. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट व एकमेव बोलपट होय. त्यांचे निधन नाशिक येथे झाले. त्यांच्या नावाचा दादासाहेब फाळके पुरस्कार भारत सरकारने १९६९ मध्ये सुरू केला.