जंगलाला आग कोण लावतो?

आफ्रिकेतील जंगले का संपत आहेत, यावर जगात परिषदा भरू लागल्या की आरोपी बहुधा आधीच ठरलेला असतो. तो म्हणजे सरपणासाठी फांदी तोडणारी खेड्यातली गरीब बाई, किंवा शेळ्या-गुरे घेऊन फिरणारा गुराखी. फेब्रुवारी 1986 मध्ये पॅरिसला झाडे आणि जंगले या विषयावर अशीच मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. यजमान फ्रान्स होता. तेथे एका तरुण आफ्रिकी राष्ट्राध्यक्षाने हे आरोपपत्रच उलटे केले. त्यांचे नाव थॉमस सांकारा.

सांकारा यांचा जन्म 21 डिसेंबर 1949 रोजी याको या गावी झाला. तेव्हा तो देश अपर व्होल्टा नावाची फ्रेंच वसाहत होता. या वसाहतीचा इतिहास माहीत असल्याशिवाय सांकारांचे पॅरिसमधले म्हणणे कळणार नाही. लोकांवर डोईपट्टी लादून आणि सक्तीने कापूस पेरायला लावून फ्रेंचांचे समाधान झाले नाही. शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये जंगल साफ करून कॉफी-कोकोचे मळे उभे राहत होते, त्यांना मजूर हवे होते. म्हणून 1932 मध्ये ही वसाहतच मोडून शेजाऱ्यांत वाटून टाकली. 1947 मध्ये ती पुन्हा जोडली. माणसे ही मळ्याची सामग्री, एवढाच हिशेब!

सैनिकी शिक्षणासाठी सांकारा मादागास्करला गेले. तेथे 1972 मध्ये जनतेने उठाव करून सरकार पाडले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्याच सुमारास सहाराच्या दक्षिणेला लागून असलेला साहेल हा कोरडा पट्टा भीषण दुष्काळात होरपळत होता. गुरे मेली, लोक दक्षिणेकडे निघाले आणि वाळवंट गावाच्या वेशीपर्यंत आले.

4 ऑगस्ट 1983 रोजी सत्ता त्यांच्या हाती आली तेव्हा वय होते 33. वर्षभराने देशाचे नाव बदलून बुर्किना फासो, म्हणजे ताठ मानेने जगणाऱ्या प्रामाणिक माणसांची भूमी, असे ठेवले. आणि लगेच झाडांचा प्रश्न हाती घेतला. आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण झाडे लावणे हे पोटभरल्या देशांचे काम अशी समजूत आपल्याकडच्या शिकलेल्यांतही आहे. ऑक्टोबर 1984 पासूनच्या 15 महिन्यांच्या जनविकास कार्यक्रमात 1 कोटी झाडे लावल्याचा आकडा त्यांनी पुढे जगासमोर ठेवला. लग्न असो, बारसे असो, बक्षीस समारंभ असो की पाहुण्याचे स्वागत, झाड लावायचेच. सरकारी घर मिळाले तर झाडे लावण्याची हमी द्यायची. प्रत्येक गावाने आपली राई उभी करायची. देशात स्वयंपाकाचे जवळजवळ सगळे इंधन म्हणजे लाकूड, म्हणून बायांना कमी सरपण खाणारी सुधारित चूल शिकवली गेली. एप्रिल 1985 मध्ये तीन लढे जाहीर झाले: बेबंद वृक्षतोडीविरुद्ध, रानात लावल्या जाणाऱ्या वणव्याविरुद्ध आणि मोकाट गुरांविरुद्ध.

पॅरिसमध्ये सांकारा हे सगळे सांगून थांबले असते, तर टाळ्या पडल्या असत्या आणि मदतीचा धनादेशही मिळाला असता. त्यांनी सांगितले ते वेगळेच. आमच्या रानाला आग लावणारा खरा हात साम्राज्यवादाचा आहे, असे त्यांनी यजमानांच्या तोंडावर सांगितले. शिवाय मागणी केली की, परग्रहांच्या शोधावर श्रीमंत देश जो अफाट पैसा उधळतात, त्यातला निदान एक टक्का झाडे आणि जीव वाचवायला द्या. याचना म्हणून नव्हे, भरपाई म्हणून. कायद्यात दान आणि नुकसानभरपाई या दोन शब्दांत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर सांकारा आणि त्या सभागृहातील इतर वक्ते यांच्यात होते, असे आम्ही म्हणू.

मात्र सांकारांची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. मोकाट गुरांविरुद्धचा लढा शेवटी भटक्या फुलानी गुराख्यांच्याच अंगावर आला. लाकूडतोडीच्या बंदीचा फटका डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईलाही बसला. म्हणजे पॅरिसमध्ये ज्यांची बाजू मांडली, तेच घरी गुन्हेगार ठरण्याची वेळ आली. त्यांच्या लोकक्रांती न्यायालयांत आरोपीला वकील मिळत नसे. आरोपी भ्रष्ट मंत्री असला तरी हे आम्हाला मान्य होणार नाही.

15 ऑक्टोबर 1987 रोजी राजधानी वागाडुगूत सांकारांना बारा सहकाऱ्यांसह गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे जिवलग मित्र ब्लेझ कॉम्पाओरे सत्तेवर आले आणि 2014 पर्यंत राहिले. मृत्यूच्या दाखल्यात कारण लिहिले होते नैसर्गिक! पत्नी मरियम यांनी हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत नेले आणि 2006 मध्ये समितीने कुटुंबाच्या बाजूने निर्णय दिला. एप्रिल 2022 मध्ये लष्करी न्यायालयाने कॉम्पाओरे यांना गैरहजेरीत जन्मठेप सुनावली.

जंगलाच्या प्रश्नावर जग त्यानंतर हलले. 1994 मध्ये वाळवंटीकरणाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या नावातच आफ्रिकेचा खास उल्लेख आहे. 2007 मध्ये आफ्रिकी संघाने साहेलच्या आरपार हिरवी महाभिंत उभारण्याचे ठरवले. 2030 पर्यंत 10 कोटी हेक्टर जमीन पुन्हा हिरवी करण्याचे तिचे लक्ष्य. 2020 च्या अहवालानुसार भिंतीच्या मुख्य पट्ट्यात सुमारे 40 लाख हेक्टर इतकेच काम झाले होते. जानेवारी 2021 मध्ये, पुन्हा पॅरिसच्याच पुढाकाराने, 14 अब्ज डॉलरहून अधिक रकमेची आश्वासने दिली गेली. त्यात कर्जेही आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्याचे रान लुटले गेले त्यानेच ते हिरवे करायला कर्ज काढायचे, ही कुठली भरपाई? कर्जफेडीचा हाच प्रश्न सांकारांनी जुलै 1987 मध्ये आदिस अबाबाला आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांसमोर मांडला होता. सगळ्यांनी मिळून कर्ज नाकारू या, एकट्याने नाकारले तर पुढच्या बैठकीला मी नसेन, असे त्यांनी सांगितले होते. त्यानंतर तीन महिनेही ते जगले नाहीत.

बुर्किनाच्या उत्तरेकडील ज्या जिल्ह्यांतून ही भिंत जायची आहे, तेथे 2015 नंतर सशस्त्र टोळ्यांचा हिंसाचार पसरला. 2023 पर्यंत देशात 20 लाखांहून अधिक लोक बेघर झाले. आश्वासनांचे डॉलर मोजणारे पॅरिसमध्ये आहेत, पण रोपाला पाणी घालणारी माणसे गाव सोडून छावण्यांत बसली आहेत.