विश्लेषण : पुलंना ग्रासणारा कंपवात नेमका काय? सुरुवातीलाच तोल का जातो?

रंगमंचावर एकच माणूस आणि त्याच्याभोवती उभी राहणारी अख्खी चाळ. पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ'च्या प्रयोगांतून हे करून दाखवले. आवाज, चेहरा, हात आणि चाल ही त्यांची चार हत्यारे. उतारवयात त्यांना जडलेला पार्किन्सन, म्हणजेच कंपवात, नेमका याच चार गोष्टींवर घाला घालतो. पुलंचा जीवनपट आणि या आजारातील पडण्याचा धोका यांविषयी...

गावदेवी ते पार्ले

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी गिरगावला लागून असलेल्या गावदेवीत झाला. बालपण जोगेश्वरीत आणि पार्ल्यात गेले. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लिहीत. घरात साहित्य आणि संगीत दोन्ही होते, हार्मोनिअमवर हातही लहानपणीच बसला. पुढे मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये ते शिक्षक झाले. तिथेच सहकारी शिक्षिका सुनीता ठाकूर यांची ओळख झाली आणि १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत दोघांचा विवाह झाला. बेळगावचे राणी पार्वतीदेवी आणि मुंबईचे कीर्ती महाविद्यालय येथेही पुलंनी शिकवले. १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटात लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका अशी सगळी आघाडी त्यांनीच सांभाळली. नंतर ते आकाशवाणी आणि दूरदर्शनवरही रमले.

एकट्याने उभी केलेली चाळ

'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने १९५८ मध्ये आली. १९६१ मध्ये तिचे एकपात्री प्रयोग सुरू झाले आणि अण्णा पावशे, त्रिलोकेकर, कोचरेकर मास्तर ही मंडळी घराघरांत पोहोचली. चाळ काल्पनिक असली तरी गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या प्रेक्षकांना ती आपलीच वाटली. नेपथ्य बेताचेच असायचे. मान किंचित कलली, आवाजाची पट्टी बदलली की दुसरे बिऱ्हाड हजर! एका पात्रातून दुसऱ्यात शिरताना शरीराने क्षणात साथ द्यावी लागते. पुलंचे ते कौशल्य होते. 'वाऱ्यावरची वरात' आणि 'असा मी असामी'नेही प्रेक्षकांना खिळवून ठेवले. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पुस्तके आणि प्रयोगांतून आलेला पैसा त्यांनी आणि सुनीताबाईंनी सार्वजनिक कामांना दिला. पुण्याचे 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभे राहिले, तेही या मदतीच्या बळावर.

आजार नेमका काय?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. मेंदूच्या एका भागातील पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल किती, कधी आणि किती वेगाने करायची, याचे नियमन त्यावर अवलंबून असते. या पेशी हळूहळू मरत जातात. लक्षणे दिसू लागतात, तोवर त्यांचा मोठा भाग गेलेला असतो.

लोक थरथरणारा हात पाहून आजार ओळखतात. मात्र काही रुग्णांना कंप सुटतच नाही. हालचाली मंदावणे, अंग ताठरणे, आवाज बारीक होणे, चेहऱ्यावरचे भाव कमी होणे, अक्षर लहान होत जाणे ही लक्षणेही तितकीच महत्त्वाची. चालताना एका बाजूचा हात हलत नाही, हे बऱ्याचदा घरच्यांच्याच आधी लक्षात येते. पण वय झाले, असे म्हणून ते सोडून दिले जाते.

सुरुवातीलाच पडण्याचा धोका का?

तोल स्पष्टपणे ढासळणे हे साधारणतः मधल्या टप्प्याचे लक्षण. तरीही धोका त्याआधीच सुरू होतो. पाऊल पुरेसे उचलले जात नाही, त्यामुळे ठेच लागते. वळताना शरीर एकसंध वळते. चालता चालता बोलणे किंवा हातात चहाचा कप असणे, यात लक्ष विभागले जाते आणि पाय अडखळतात. अंथरुणातून झटकन उठल्यास रक्तदाब खाली येऊन भोवळ येऊ शकते. आजार पुढे सरकला की उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात.

जुन्या चाळीत हे सगळे एकत्र येते. लाकडी अरुंद जिना, खोलीचा उंबरठा, ओली मोरी आणि रात्री गॅलरीच्या टोकाला असलेल्या शौचालयापर्यंतची फेरी. एकदा पडलेला रुग्ण पुन्हा पडण्याची शक्यता अधिक असते. त्याहून वाईट म्हणजे भीती. पडण्याच्या धास्तीने माणूस घराबाहेर पडत नाही, स्नायू दुबळे होतात आणि धोका आणखी वाढतो.

काय करता येते?

आजार पूर्ण बरा करणारे औषध नाही. १९६० च्या दशकात आलेल्या लेव्होडोपाने मात्र रुग्णांची हालचाल बरीच सुधारली. गोळ्यांच्या वेळा चुकवू नयेत आणि मात्रा स्वतःहून बदलू नये. तोल आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून लवकर शिकावेत. ताई-ची या चिनी व्यायामप्रकाराने तोल सुधारतो आणि पडणे कमी होते, असे २०१२ च्या एका अभ्यासात दिसले. उठताना आधी काठावर बसावे, वळताना छोटा वळसा घ्यावा, जिन्यात एक हात कठड्यासाठी मोकळा ठेवावा. मोरीत धरायला दांडा, रात्री दिवा आणि घसरणारी पायपुसणी हटवणे, हे खर्चिक नाही. आजाराच्या पहिल्याच वर्षात वारंवार पडणे होत असेल, तर दुसरा आजार नाही ना, हे मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

अखेरचा काळ

पुलंना १९९० मध्ये पद्मभूषण आणि १९९६ मध्ये पहिल्या वर्षीचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. अखेरच्या वर्षांत कंपवाताने त्यांचे हिंडणे-फिरणे कमी केले. एकट्याने अख्खी चाळ चालवणाऱ्या माणसाला रोजच्या हालचालींसाठीही आधार लागू लागला. सुनीताबाई सोबत होत्या. १२ जून २००० रोजी पुण्यात वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या दिवशी दोघांच्या विवाहाला ५४ वर्षे पूर्ण झाली होती. प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिर संकुलातील राज्य सरकारच्या कला अकादमीला आज त्यांचे नाव आहे.