नरनाळ्याच्या अक्षरांत उरलेला फतहउल्ला

विजयनगरच्या मुलखात हिंदू कुटुंबात जन्मलेला एक मुलगा बहमनी फौजेच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला आणि पुढे वऱ्हाडचा पहिला स्वतंत्र सुलतान झाला. त्याचे नाव फतहउल्ला इमादउल्मुल्क.

वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी तो मुसलमान म्हणून वाढला. कर्तबगारीच्या बळावर १४७१ मध्ये वऱ्हाडचा सुभा त्याच्याकडे आला. मात्र १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे वजीर महमूद गवानचा वध झाला आणि बिदर दरबारावरचा त्याचा विश्वास उडाला.

मशिदीत प्रतिमा वर्ज्य असल्याने तेथे अक्षरांनाच अलंकाराचे रूप मिळाले. तीच सुलेखनकला फतहउल्लाने १४८७ मध्ये अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजावर आणली. पांढऱ्या वालुकाश्मात कमळे, नक्षीदार जाळ्या आणि अरबी लेख कोरले गेले. लेखात स्वतःच्या नावासोबत त्याने सुलतान महमूदशहा बहमनीचेही नाव कोरविले.

अवघ्या तीन वर्षांनी, १४९० मध्ये, त्याने स्वातंत्र्य पुकारले. एलिचपूर, म्हणजे अमरावती जिल्ह्यातील आजचे अचलपूर, हे इमादशाहीचे प्रमुख ठाणे बनले. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने हे राज्य बुडविले. फतहउल्लाने सोडलेल्या धन्याचे नाव मात्र त्याच्याच दरवाजावर आजही कायम आहे.