मलिक अंबर : सत्तेची अमानत आणि पाण्याची नहर

सत्ता ही अल्लाहकडून आलेली अमानत असून तिचा हिशेब द्यावाच लागतो, हे आपण खुतब्यांतून नेहमी ऐकतो. दख्खनच्या इतिहासात ही अमानत अशा एका माणसाच्या हाती आली होती, ज्याची स्वतःचीच बाजारात अनेकदा खरेदी-विक्री झाली होती. ते म्हणजे मलिक अंबर.

त्यांचा जन्म 1548 च्या सुमारास हबशाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. बालपणीच ते गुलाम झाले आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात बगदादला पोहोचले. तेथे मीर कासिम या मालकाने त्यांना शिक्षण दिले. तेथेच त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि अंबर हे नाव मिळाले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्यांना विकत घेतले. चंगेजखानही एके काळी हबशी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाले. काही काळ विजापूरकरांच्या चाकरीत राहून त्यांनी मलिक हा किताब मिळवला आणि सुमारे 150 स्वारांसह ते निजामशाहीत परतले.

1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. राज्य संपले असे सर्वांना वाटले. पण त्याच वर्षी मलिक अंबर यांनी राजघराण्यातील मुर्तझा यास परांड्याला गादीवर बसवले व आपली कन्या त्यास दिली. दौलताबादपासून उत्तरेकडचा मुलूख, ज्यात आपला नाशिक परिसरही येतो, तेव्हा राजू दखनी या प्रतिस्पर्धी सरदाराच्या ताब्यात होता. 1607 मध्ये त्याचा पराभव झाला आणि संपूर्ण कारभार मलिक अंबर यांच्या हाती एकवटला. त्यांच्या सैन्यात हबशी, दखनी आणि मराठे खांद्याला खांदा लावून लढले. मालोजी व शहाजी भोसले हे त्यांतील मोठे सरदार. समोरासमोरच्या लढाईपेक्षा रसद तोडणे, अचानक छापा घालून डोंगरात निघून जाणे, या गनिमी काव्याने त्यांनी बादशहा जहांगीरच्या फौजांना वर्षानुवर्षे थोपवून धरले. 1624 मध्ये भातवडीजवळ तलावाचा बांध फोडून त्यांनी शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि मोगल व विजापूरच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला.

परंतु लष्करी बळावर उभ्या राहिलेल्या सत्तेला जी काळी बाजू असते, ती येथेही होती. सुलतान नावापुरता उरला. 1610 मध्ये मुर्तझाचा मृत्यू झाला, तो मलिक अंबर यांनी करविलेल्या विषप्रयोगामुळे, असा आरोप त्या काळीच झाला होता. मुर्तझाच्या जागी त्याचे अजाण मूल गादीवर बसले. थोर माणसाचे चरित्र सांगताना ही गोष्ट झाकणे अमानतदारीला धरून होणार नाही. अंतिम निवाडा अल्लाहच करील.

रयतेच्या बाबतीत मात्र त्यांनी हात आवरून धरला. महसुलाची मक्तेदारी बंद करून त्यांनी जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवला. प्रथम उत्पन्नाचा दोन-पंचमांश वाटा धान्यरूपाने आणि पुढे सुमारे एक-तृतीयांश रोख, असे त्याचे प्रमाण होते. ज्या वर्षी पीक कमी, त्या वर्षी मागणीही कमी. मलिकंबरी धारा या नावाने ही व्यवस्था पुढेही लोकांच्या स्मरणात राहिली.

1610 मध्ये त्यांनी खडकी गाव राजधानी म्हणून वसवण्यास घेतले. तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. खडकाळ माळावर हजारो माणसांना पाणी कोठून मिळणार? त्यांनी उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याचे भूजल भुयारी नहरीत उतरवले आणि केवळ उताराच्या आधारे शहरात आणले. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. 1616 च्या लढाईनंतर मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली, तरी शहर पुन्हा उभे राहिले आणि ती नहर कैक पिढ्यांची तहान भागवत राहिली.

14 मे 1626 रोजी वयाच्या अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास त्यांचे निधन झाले. त्यांची कबर खुलताबादला आहे. त्यांचे पुत्र फतेहखान यांच्या काळात, 1633 मध्ये, दौलताबाद मोगलांकडे गेले. ज्या राज्यासाठी पाव शतक रक्त सांडले, ते त्यांच्यामागे फार काळ टिकले नाही.

माणूस मरण पावल्यावर त्याची कर्मे थांबतात, सुरू राहतात ती सदका-ए-जारिया, उपयुक्त ज्ञान आणि नेक संततीची दुआ, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक आहे. मलिक अंबर यांचे किल्ले दुसऱ्यांचे झाले, पाणी मात्र वाहत राहिले. ज्याच्या हाती आज गावाची पंचायत, मशिदीचा कारभार किंवा केवळ एका कुटुंबाची जबाबदारी आहे, त्याने या दोहोंतील फरक ध्यानी घ्यावा. अल्लाह मलिक अंबर यांच्या चुका माफ करो, त्यांचे नेक काम कबूल करो आणि आपल्याला अमानत सांभाळण्याची तौफिक देवो. आमीन.