विद्यार्थी भीमराव परदेशात कसे शिकले?



तुमच्या घरात परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे. कोट, टाय, चष्मा आणि हातात ग्रंथ असे ते रूप लहान मूलही ओळखते. पण त्या कोटामागे किती वर्षांची उपासमार आहे, किती कर्ज आहे, किती जागलेल्या रात्री आहेत, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो. बाबासाहेब जन्मतःच विद्वान होते असे मुलांना वाटले तर ती म्हणतील, ते बाबासाहेब होते, आपल्याला कुठले जमणार? हा समज घातक आहे. म्हणून आज महामानवाची नव्हे, तर शिष्यवृत्तीवर शिकलेल्या एका गरीब विद्यार्थ्याची हकीकत तुमच्यापुढे ठेवतो. ती घरी वाचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

भीमरावांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते. पुढे कुटुंब सातारला आणि नंतर मुंबईला आले. सुभेदारांची मिळकत तुटपुंजी होती, पण मुलाने पुस्तक मागितले की ते नाही म्हणत नसत. लेकींचे दागिने गहाण ठेवून त्यांनी मुलाला पुस्तके आणून दिली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानलेल्या समाजातील मुलाने एवढी मजल मारली म्हणून त्यांचा सत्कार झाला. त्या प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. धम्माची पहिली ओळख शिक्षणाच्या वाटेवरच झाली, हे लक्षात ठेवा.

पुढे कॉलेजच्या खर्चाची अडचण आली तेव्हा केळुसकर गुरुजीच पुढे झाले. त्यांनी भीमरावांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे नेले. महाराजांनी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. यातून पहिला धडा घ्या. शिष्यवृत्ती आपोआप घरी चालत आली नाही. कोणीतरी जाणता माणूस मुलाला घेऊन योग्य दारापर्यंत गेला. आज तुमच्या वस्तीत असा एखादा शिक्षक, एखादा कारकून, एखादी शिकलेली सून असेल. त्यांनी केळुसकर गुरुजींचे काम करावे.

बी. ए. झाल्यावर भीमराव जानेवारी 1913 मध्ये बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडील आजारी पडल्याची तार आली आणि 2 फेब्रुवारी 1913 रोजी सुभेदार गेले. घराचा आधार तुटला. पत्नी रमाबाई, लहानगा यशवंत, भावांचे कुटुंब असा संसार मागे होता. नोकरी धरून बसावे असेच कोणीही सांगितले असते. परंतु त्याच सुमारास महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठवायचे ठरवले. भीमरावांनी अर्ज केला, त्यांची निवड झाली आणि 4 जून 1913 रोजी करारावर सही झाली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा तो करार होता.

बीड जिल्ह्यातील माणसाला करार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की गेवराई, आष्टी, पाटोदा, केज, धारूर, वडवणी या भागातून गाड्या भरून माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता बांधलेला असतो. भीमरावांनीही भविष्यातली वर्षे लिहून देऊन पैसा घेतला. फरक एवढाच की तो पैसा पोटात गेला नाही, डोक्यात गेला. उचल हंगामाबरोबर संपते आणि पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावी लागते. विद्येसाठी घेतलेली मदत एकदाच घ्यावी लागते आणि पिढीचा पिंडच बदलून टाकते. उचल घेणाऱ्याला नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही. पोटासाठी ती घ्यावीच लागते. पण मूलही कोयत्याबरोबर नेले, तर पुढच्या पिढीची उचल आपण आजच घेतली असे होते.

जुलै 1913 मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे कोणी त्यांना जात विचारली नाही. ग्रंथालय उघडे होते, वर्ग उघडे होते. सेलिग्मन, जॉन ड्यूई, गोल्डनवायझर यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. त्यांनी अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4. पदवीपुरते शिकून मोकळे व्हावे असा हिशेब त्यात नव्हता. तीन वर्षांत मिळेल तेवढे ज्ञान बांधून न्यायचे होते. साडेअकरा पौंडांतून घरीही पैसे पाठवायचे होते, म्हणून पोटाला चिमटा घेऊन ते पुस्तके विकत घेत. 1915 साली प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंधाबद्दल एम. ए. मिळाले. 9 मे 1916 रोजी भारतातील जातिसंस्थेवर त्यांनी निबंध वाचला. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंधही पुरा केला.

न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिकवण्याचा आग्रह धरला. तेव्हा ते अवघे तेविशीच्या आसपासचे होते. ज्या घरात मुलाला पुण्याला पाठवतात आणि मुलीचे लग्न बारावीला उरकतात, त्या घराने हे पत्र आपल्यालाच आले आहे असे समजावे.

1916 साली ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 च्या उन्हाळ्यात अर्ध्यावर परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी त्यांनी मागून घेतली. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान नेणारे जहाज पाणतीराने बुडाले आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेले ग्रंथ समुद्रात गेले.

कराराप्रमाणे ते बडोद्यास हजर झाले. पुढे काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. कोलंबियातून आलेल्या या विद्वानाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. कचेरीतले शिपाई लांबून कागद फेकत. पारशी पथिकाश्रमात ते नाव लपवून राहिले, तर लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. मुंबईला परत यावे लागले. डिग्री आली म्हणजे जात गेली, असे झाले नाही. हे आपल्या मुलांपासून लपवू नका. मोठ्या शहरात, मोठ्या विद्यापीठात, आडनाव विचारून खोली नाकारणारे त्यांनाही भेटतील. बाबासाहेबांना जे भेटले ते आपल्यालाही भेटू शकते, आणि त्याने त्यांचे शिक्षण थांबले नाही, एवढे त्यांना आधीच ठाऊक असावे.

1918 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. तिथेही पाण्याच्या माठावरून काही सहकाऱ्यांनी कुरकुर केली. पगार चांगला होता, त्या काळी साहेबी थाटात राहता आले असते. ते मात्र परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले आणि पगारातून पैसे बाजूला टाकीत गेले. 1920 साली नोकरी सोडली. साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले 5000 रुपयांचे कर्ज, एवढ्या शिदोरीवर ते पुन्हा लंडनला गेले. दिलेल्या मुदतीच्या आत गेले, हे महत्त्वाचे. त्यांनी तारीख चुकू दिली नाही.

लंडनचे ते दिवस आठवले की डोळे पाणावतात. सकाळी पावाचा तुकडा आणि चहासारखे काहीतरी. मग दिवसभर ग्रंथालय. दुपारच्या जेवणाला पैसे नसत. रात्री थोडेसे खाऊन पुन्हा वाचन, आणि भूक अनावर झाली की एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे. इकडे रमाई काटकसरीने घर रेटीत होत्या. त्या दोघांच्या पाच अपत्यांपैकी चार दगावली, एकटा यशवंत जगला. पदवीच्या कागदावर एकच नाव असते, पण ती पदवी रमाईनेही कमावली होती.

1921 साली एम. एस्सी., 28 जून 1922 रोजी बॅरिस्टर. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी डी. एस्सी.साठी सादर केला. परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला, कारण ब्रिटिश राजवटीवरील त्यातील टीका त्यांना झोंबली होती. पैसे संपले होते, म्हणून 1923 च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस आले. इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला. आपले निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. वर्ष संपण्याआधी डी. एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच. डी. तर प्रबंध छापून सादर केल्यावर 1927 साली हाती आली. म्हणजे 1913 साली निघालेला विद्यार्थी 14 वर्षांनी खऱ्या अर्थाने मोकळा झाला. एकदा अर्ज फेटाळला म्हणून घरी बसणाऱ्या मुलामुलींनी ही 14 वर्षे मोजावीत.

एवढे मिळवून ते काय करते झाले? जे दार त्यांना मिनतवारीने उघडावे लागले, ते दुसऱ्यांसाठी उघडे करून ठेवले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना 1942 साली त्यांनी सरकारला निवेदन दिले आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी दरसाल 3 लाख रुपयांची तरतूद करून घेतली. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पदवी घ्यायची तर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात जावे लागे, आणि गावकुसाबाहेरच्या मुलाला ते चंद्राइतके दूर होते. निजामाची सत्ता 1948 साली संपली आणि 1950 साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज उघडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. ज्या उस्मानिया विद्यापीठाचे दार आपल्या आजोबांना दिसलेही नाही, त्याच विद्यापीठाने 1953 साली बाबासाहेबांना सन्मानाची डॉक्टरेट दिली.

आता नवदीक्षित कुटुंबांच्या मनातील एका भीतीविषयी. दीक्षा घेतली तर पोराची शिष्यवृत्ती जाईल, असे काही लोक तुम्हाला सांगत असतील. एके काळी त्यात तथ्य होते. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर केंद्र सरकारने बौद्धांच्या सवलती नाकारल्या. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या त्या दिल्या, पण केंद्राचे दार बंदच राहिले. कित्येक मुलांनी बौद्ध म्हणवून घेण्यासाठी ही किंमत मोजली. अखेर 1990 साली कायदा बदलला आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. तेव्हा भिऊन जनगणनेत किंवा शाळेत धर्म लपवू नका. फक्त कागदपत्रे चोख ठेवा. उपविभागीय अधिकाऱ्याकडून जातीचे प्रमाणपत्र आणि पडताळणी समितीकडून वैधता ही दोन्ही मूल दहावी-बारावीत असतानाच हाती घ्या. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आपल्याकडचे निजामकालीन जुने कागद उर्दूत असतात. पत्र्याच्या पेटीत ते असतील तर जपा आणि त्यांचे भाषांतर करून ठेवा.

परदेशी शिकण्यासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी आहे. ज्या शाहू महाराजांनी बाबासाहेबांना मदत केली, त्यांचेच नाव तिला आहे. केंद्राचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटनची चेव्हनिंग, अमेरिकेची फुलब्राइट या सर्वांना खुल्या आहेत. गुण, वय, उत्पन्न आणि विद्यापीठाचा क्रमांक यांच्या अटी दरवर्षी बदलू शकतात, म्हणून बीडच्या समाजकल्याण कार्यालयात दरवर्षी नव्याने चौकशी करा. इंग्रजीची तयारी मात्र जाहिरात येण्याची वाट न पाहता आठवीपासूनच सुरू व्हावी.

याबाबत डोळे उघडे ठेवण्याचीही गरज आहे. 2022 साली केंद्राच्या शिष्यवृत्तीत एक अट घातली गेली. भारताची संस्कृती, इतिहास आणि समाज यांच्यावर संशोधन करायचे असेल तर परदेशासाठी पैसा मिळणार नाही, अशी ती अट. प्राचीन भारताचा व्यापार, भारतातील जाती, भारताचा रुपया हे भीमरावांचे विषय एकदा आठवून पाहा. त्यांतले किती या अटीत बसले असते? दार उघडे आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ते उघडे ठेवण्यासाठीही जागे राहावे लागते.

लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात भीमराव राहत, ते घर 2015 साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. आज तेथे स्मारक आहे. ते पाहायला प्रवासी म्हणून कोण गेले, याला फारसे महत्त्व नाही. बीड जिल्ह्यातील एखाद्या तांड्याशेजारच्या, एखाद्या बौद्धवाड्यातील मुलगी त्याच शहरात शिकायला जावी आणि सुटीच्या दिवशी चालत त्या घरापर्यंत यावी, ही खरी वंदना होय. त्यासाठी या वर्षी तुमच्या घरातून कोयत्याबरोबर जाणारे एक मूल मागे ठेवा. आजीजवळ ठेवा, वसतिगृहात ठेवा, पण शाळेत ठेवा. सुभेदार रामजींनी दागिने गहाण ठेवले होते. आपल्याला निदान एवढे करता येईल.

जय भीम!